विंडोज सर्व्हरचे कॅल लायसन्स: सर्व्हरला पाच स्टार, हिशोबाला दोन

आधीच सांगतो, सर्व्हरबद्दल माझी काही तक्रार नाही. विंडोज सर्व्हर २०२२ स्टँडर्ड (मायक्रोसॉफ्टची सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) आमच्याकडे दोन वर्षं चालतोय, डोमेन लॉगिन (ऑफिसच्या सगळ्या मशीनवर एकाच अकाउंटने लॉगिन), फाइल शेअरिंग, प्रिंटिंग सगळं सुरळीत. हा रिव्ह्यू आहे त्याच्यासोबत घ्याव्या लागणाऱ्या कॅलचा, म्हणजे क्लायंट ॲक्सेस लायसन्सचा. घेताना कोणी धड सांगितलं नाही, आणि जे सांगितलं त्यातलं निम्मं चुकीचं निघालं.

सर्व्हरचं लायसन्स घेतलं की झालं असं आपल्याला वाटतं. ते लायसन्स कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, मोजून असतं, एका प्रोसेसरला कमीत कमी ८ आणि एका सर्व्हरला कमीत कमी १६, मशीनमध्ये त्याहून कमी कोअर असले तरी १६ चे पैसे मोजायचेच. एवढं करून काय मिळालं तर ते सॉफ्टवेअर त्या मशीनवर चालवायची परवानगी. त्या सर्व्हरचा फायदा कोण कोण घेणार त्याचा हिशोब वेगळा, आणि तो हिशोब म्हणजे कॅल.

बरं, कॅल ही वस्तू पण नाही. बॉक्स आला, त्यात एक कागद होता, आणि मी येडा अर्धा दिवस सर्व्हर मॅनेजरमध्ये शोधत बसलो की हे कॅल टाकायचे कुठे. कुठेच नाही! बेसिक कॅल इन्स्टॉल होत नाही, सर्व्हर तो मोजत नाही, तुमच्याकडे १० आहेत की १०० त्याला पत्ताच नसतो. फार पूर्वीच्या व्हर्जनमध्ये मोजणारी एक सर्व्हिस होती ती पण नंतर गेली. म्हणजे कॅल कमी असले तरी सगळं चालत राहतं, कुठलीही वॉर्निंग येत नाही, आणि म्हणूनच लोक म्हणतात "अरे कोण बघतंय". ऑडिटवाले, म्हणजे लायसन्स तपासायला येणारे, बघतात. आणि ते आले की मग वरातीमागून घोडं.

आता यूजर कॅल आणि डिव्हाइस कॅल. यूजर कॅल माणसाला लागतो, मग तो माणूस ऑफिसच्या डेस्कटॉपवरून येवो, लॅपटॉपवरून येवो नाहीतर मोबाइलवरून, एकच पुरतो. डिव्हाइस कॅल मशीनला लागतो, त्या मशीनवर दिवसभरात कितीही जण बसोत. आम्ही एकूण ३७ माणसं. २२ जण ऑफिसात, प्रत्येकाकडे दोन-तीन डिव्हाइस. १५ जण गोडाउनला, पण तिथे मशीन फक्त ५, तीन शिफ्ट, एका वेळी पाचच जण. व्हेंडरने कोटेशन दिलं ३७ यूजर कॅलचं, "सर प्रत्येकाला एक, टेन्शनच नाही". टेन्शन नाही हे खरंय पण त्याला, मला नाही. गोडाउनला ५ डिव्हाइस कॅल घेतले की १५ माणसांचं काम झालं. त्यातला सुपरवायझर मात्र घरी लॅपटॉपवरून स्टॉकची शीट उघडतो, तो लॅपटॉप त्या पाचात येत नाही, म्हणून त्याला यूजर कॅल. झाले २३ यूजर आणि ५ डिव्हाइस. दोन्ही प्रकार एकाच ऑफिसात चालतात, मिक्स करायला कसलीच बंदी नाही, हे मला व्हेंडरने नाही तर लायसन्सच्या अटी स्वतः वाचल्यावर कळलं.

आणि मग तो स्कॅनर. गोडाउनला एक मोठं प्रिंटर-स्कॅनर आहे, चलन स्कॅन केलं की फाइल थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. मी म्हटलं प्रिंटरला कसलं आलंय लायसन्स. पण तो सर्व्हरवर फाइल ठेवतोय म्हणजे सर्व्हर वापरतोय, आणि त्याच्यासमोर उभे राहणाऱ्या सगळ्यांकडे यूजर कॅल असते तर भागलं असतं, आमच्या गोडाउनवाल्यांकडे नाहीत. म्हणून सहावा डिव्हाइस कॅल त्या प्रिंटरच्या नावाने. एकूण २९. ३७ च्या जागी २९.

इथे एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं आपोआप कळायला लागतं. कनेक्शन किती आहेत, एका वेळी किती जण लॉगिन आहेत, याच्याशी कॅलचा काही संबंध नाही. त्या सर्व्हरचं काम कोणाच्या उपयोगी पडतंय एवढंच बघायचं. डोमेनला लॉगिन केलं, धरा. फाइल उघडली, धरा. सर्व्हरकडून डीएचसीपीने (नेटवर्कवर आलेल्या मशीनला आपोआप ॲड्रेस देणारी सोय) आयपी ॲड्रेस घेतला, तो पण धरा! हो, नुसता ॲड्रेस घेतला तरी. आम्ही पाहुण्यांच्या वायफायचं डीएचसीपी त्याच दिवशी सर्व्हरवरून काढून राउटरवर टाकलं, नाहीतर मीटिंगला येणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलचा विचार करत बसावं लागलं असतं.

याच लॉजिकने अजून एक पळवाट बंद होते. आमच्या डेव्हलपरची आयडिया होती की मध्ये एक वेब ॲप ठेवू, ते एकाच अकाउंटने सर्व्हरशी बोलेल, म्हणजे कॅल एकच. ऐकायला भारी. पण याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात आणि अटींमध्ये स्पष्ट आहे की मध्ये काहीही ठेवलं तरी कॅलची संख्या कमी होत नाही, टोकाला बसलेली माणसं किंवा मशीन मोजायची. इंटरनेटवर खुली असलेली वेबसाइट, जिथे कोणी लॉगिन न करता नुसतं बघून जातं, तिला विंडोज सर्व्हरच्या कॅलमधून सूट आहे. आपल्या स्टाफच्या लॉगिनवाल्या ॲपला नाही.

चांगलं काय ते पण सांगायला पाहिजे. कॅल एका सर्व्हरला बांधलेला नसतो. आम्ही नंतर दुसरा सर्व्हर उभा केला, त्यावर दोन व्हर्च्युअल मशीन (एकाच मशीनवर सॉफ्टवेअरने चालणारे वेगळे सर्व्हर), कॅल तेच २९, एकही नवीन घ्यावा लागला नाही. फक्त कॅलचं व्हर्जन सर्व्हरच्या बरोबरीचं किंवा त्याच्या पुढचं पाहिजे. २०२२ चा कॅल २०१९ च्या सर्व्हरला चालतो, उलटं चालत नाही. आणि नेमका इथेच व्हेंडरने घोळ घातला होता, सर्व्हर २०२२ आणि कोटेशनमध्ये बारीक अक्षरात कॅल २०१९ चे, "स्वस्तात बसतील सर, सेमच असतात". सेम नसतात! आणि सर्व्हर मोजतच नाही म्हटल्यावर हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं, मी पीओ काढायच्या आधी ती ओळ वाचली म्हणून वाचलो.

पण सगळ्यात जास्त मनस्ताप झाला तो रिमोट डेस्कटॉपचा. आमचे ८ जण बाहेरून रिमोटने सर्व्हरवर येऊन काम करतात. त्यांच्याकडे यूजर कॅल आहेत म्हणजे झालं असं मी धरून चाललो, आणि व्हेंडरचा माणूस सेटअप करून गेला तेव्हा तो पण काही बोलला नाही. चाललं, छान चाललं, चार महिने. मग एका सोमवारी सकाळी आठच्या आठ जणांचा फोन, आत जाताच येत नाही, स्क्रीनवर मेसेज की लायसन्स देणारा सर्व्हर सापडत नाही. कारण रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचा कॅल वेगळा असतो, बेसिक कॅलच्या ऐवजी नाही तर त्याच्या वरती अजून एक, आणि त्याला १२० दिवसांची मुदत असते, तेवढ्यात लायसन्स सर्व्हर लावून त्यात कॅल टाकले नाहीत तर दार बंद. म्हणजे बेसिक कॅलचा वॉचमन कायमचा झोपलेला आणि याचा वॉचमन १२० दिवस डुलक्या काढून एकदम दांडकं घेऊन उभा. त्या दिवशी मी स्वतः एमएसटीएससी स्लॅश ॲडमिन (रिमोट डेस्कटॉपची ॲडमिनसाठीची कमांड) मारून आत गेलो, कारण सर्व्हरच्या देखभालीसाठी दोन जणांना या कॅलशिवाय येता येतं, पण स्टाफला त्या वाटेने कामाला बसवणं म्हणजे नियम मोडणं. दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ८ आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) यूजर कॅल आले, यांना मात्र खरोखर इन्स्टॉल करावं लागतं, आणि सेटिंगमध्ये पर यूजर की पर डिव्हाइस हे घेतलेल्या कॅलशी जुळवावं लागतं, ते पण तपासा.

एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) घेणार असाल तर विंडोजचे कॅल तिथे चालत नाहीत. स्टँडर्ड एडिशनला दोन रस्ते, सर्व्हर अधिक त्याचे स्वतःचे कॅल, नाहीतर कोअरवर लायसन्स, ज्यात कमीत कमी ४ कोअर घ्यावे लागतात पण माणसं मोजायची कटकट संपते. माणसं थोडी असतील तर कॅल, माणसं मोजताच येत नसतील, म्हणजे कस्टमर लॉगिन वगैरे, तर कोअर. एक्सचेंजमध्ये (मायक्रोसॉफ्टचा ईमेल सर्व्हर) तर अजून मजा, एंटरप्राइझ कॅल घेतला तरी स्टँडर्ड कॅल लागतोच, तो त्याच्यावर रचायचा असतो. मी तिकडे गेलोच नाही.

छोटं ऑफिस असेल तर विंडोज सर्व्हरची एसेन्शियल्स एडिशन आधी बघा, २५ यूजर आणि ५० डिव्हाइसपर्यंत कॅलच लागत नाहीत. आम्ही ३७ म्हणून बाद. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा ई३ प्लॅन आधीपासून घेत असाल तर त्यात विंडोज सर्व्हर कॅलचे हक्क येतात, बिझनेस प्रीमियममध्ये येत नाहीत, दुप्पट घेऊन बसू नका. नुसतं फाइल शेअरिंगच पाहिजे असेल तर लिनक्सवर सांबा (फाइल शेअरिंगचं फुकट सॉफ्टवेअर), तिथे कॅल हा शब्दच नाही, पण लॉगिन विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतूनच (सर्व्हरवरची यूजर आणि पासवर्ड सांभाळणारी सिस्टिम) होणार असेल तर कॅल परत आलेच.

रेटिंग द्यायचं तर सर्व्हरला पाच, कॅलच्या नियमांना तीन, कारण नियम वाटतात तेवढे वेडेवाकडे नाहीत, आणि मोजायची एकही सोय न देण्याला एक, या शेवटच्या दोन्हींची सरासरी काढून हिशोबाला दोन, माझं गणित आहे, चालवून घ्या. व्हेंडरला शून्य, नाव घेत नाही.

२०२५ चा सर्व्हर येऊन बसलाय आणि बॉस विचारतोय अपग्रेड करायचं का. करायचं तर २९ च्या २९ कॅल नवीन, कारण तेव्हा सॉफ्टवेअर ॲशुरन्स (जादा पैसे भरून पुढच्या व्हर्जनचा हक्क देणारी योजना) घेतला नव्हता. म्हणून सध्या नाही. आता मी एक साधी शीट ठेवलीय, कॅलचा नंबर, कोणाच्या नावावर, कधीपासून. माणूस सोडून गेला की त्याचा कॅल नवीन माणसाला देता येतो, पण उगाच या आठवड्यात याला आणि पुढच्या आठवड्यात त्याला असं फिरवता येत नाही, ९० दिवसांचा नियम आहे, म्हणून तारखेचा कॉलम. पुढच्या महिन्यात अकाउंट्सला दोन मुली जॉइन होतायत, एकीला सोडून गेलेल्याचा कॅल मिळेल, दुसरीचा आजच ऑर्डर केलाय, २०२२ चाच, इनव्हॉइसवर नीट बघून.