अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्पीकरचा आवाज: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या उन्हाळ्यात रत्नागिरीच्या घरातील बैठकीची मांडणी बदलली. अ‍ॅम्प्लिफायर एका कोपऱ्यात गेला, आणि उजव्या स्पीकरची वायर दाराच्या चौकटीवरून फिरवून न्यावी लागल्यामुळे तिची लांबी 8 मीटर भरली. डाव्या स्पीकरला 3 मीटर पुरली. स्पीकर 8 ओहमचे (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचे, म्हणजे अडथळ्याचे, माप) असून वायर आधीच्या संचाबरोबर आलेली, पारदर्शक वेष्टणाची आणि बारीक होती. या मांडणीत ख्याल ऐकताना गायकाचा आवाज मधोमध न राहता किंचित डावीकडे झुके आणि उजवी बाजू दबल्यासारखी वाटे.

वायरचे टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडली, तेव्हा तांबूस थराखाली पांढरा धातू दिसला. ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर होती. अ‍ॅल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे 61 टक्के असल्यामुळे अशी वायर त्याच जाडीच्या तांब्याच्या वायरपेक्षा दीडपटीहून अधिक रोध करते. स्पीकरकडची दोन टोके एकमेकांना जोडून मी दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर (रोध, व्होल्टेज मोजण्याचे यंत्र) लावला आणि आलेल्या आकड्यातून मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध वजा केला. उजव्या बाजूला जाऊन-येऊन सुमारे 0.9 ओहम भरले, म्हणजे स्पीकरच्या 8 ओहमच्या अकरा टक्क्यांहून अधिक. हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण वायरचा आवाजावरील खरा परिणाम याच ठिकाणी घडतो. स्पीकरवर 8 ओहम लिहिलेले असले, तरी त्याचा रोध प्रत्येक स्वराला सारखा नसतो. तो कुठे 4 ओहमपर्यंत उतरतो, तर खर्जातील अनुनादाच्या जागी (जिथे स्पीकर आपसूक जास्त कंप पावतो) 20 ओहमच्याही वर जातो. वायरचा रोध 0.9 ओहम असेल, तर 4 ओहमच्या जागी सुमारे 1.8 डेसिबलची (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) घट होते आणि 20 ओहमच्या जागी जेमतेम 0.4 डेसिबलची. अशा वेळी आवाज केवळ लहान होत नाही, तर त्यातल्या निरनिराळ्या स्वरांचा आपसातला तोलच बदलतो. डाव्या-उजव्यातला फरक बॅलन्सच्या बटणाने भरून काढता येतो. हा बिघडलेला तोल मात्र त्या बटणाने सुधारत नाही.

म्हणून विजेच्या सामानाच्या दुकानातून शुद्ध तांब्याची, अनेक बारीक तारांची, अडीच चौरस मिलिमीटर छेदाची लवचिक वायर घेतली. 8 मीटर अंतरासाठी तिचा जाऊन-येऊन रोध 0.13 ओहमच्या आसपास येतो आणि वर सांगितलेला चढउतार साधारण 0.2 डेसिबलवर उतरतो. गायकाचा आवाज पुन्हा मध्यभागी आला आणि डग्ग्याची घुमक दोन्ही बाजूंनी सारखी उमटू लागली. दोन्ही वायरींची लांबी समान ठेवण्याचा आग्रह अनेकजण धरतात, पण वायर पुरेशी जाड असल्यास त्याची गरज नाही. पाच मीटरच्या फरकाने विद्युत संकेताला होणारा उशीर कानाला कळण्याच्या कितीतरी पलीकडचा आहे.

पुढे एका स्नेह्यांनी त्यांची परदेशी बनावटीची, अतिशय महाग वायर काही दिवस ऐकायला दिली. अमुक वायर लावली आहे हे ठाऊक असताना तिच्यात तानपुऱ्याची जवारी अधिक उघडी वाटली, हे खरे आहे. पण मुलाने माझ्या नकळत वायरी बदलल्या आणि स्पीकरच्या टोकांवरील व्होल्टेज मोजून आवाजाची पातळी समान ठेवली, तेव्हा कोणती वायर चालू आहे हे मला ओळखता आले नाही. पातळी समान ठेवणे येथे फार महत्त्वाचे आहे, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा आवाज आपल्याला मोठा न वाटता अधिक चांगला वाटतो. वायर चांदीची असली, तरी चांदीची वाहकता तांब्यापेक्षा सुमारे सहा टक्केच जास्त असते; तेवढा फायदा तांब्याची वायर थोडी जाड घेतल्याने सहज मिळतो. त्यामुळे महाग वायरीसाठी पैसे खर्च करावेत, असे मी कोणालाही सुचवणार नाही.

पावसाळ्याने जोडांचे महत्त्व दाखवून दिले. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत उघडी टोके काळवंडली आणि एका टोकाला हिरवट थर आला. तेवढा भाग कापून, नव्याने सोलून, तारांना घट्ट पीळ देऊन मी त्या बनाना प्लगमध्ये (टर्मिनलमध्ये खोचायच्या धातूच्या पिनेत) स्क्रूने आवळल्या. पीळ नीट न दिल्यास एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकून अ‍ॅम्प्लिफायर निकामी होऊ शकतो. वायरी पुन्हा जोडताना लाल-काळ्याची खात्री अवश्य करावी; एकच स्पीकर उलटा जोडला गेला, तर खर्ज नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज खोलीभर विखुरतो. कोणत्याही वायरीच्या दर्जापेक्षा हा परिणाम कितीतरी मोठा आहे.

स्पीकर 8 ओहमचे आणि अंतर तीन-चार मीटरचे असेल, तर एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायरही पुरते. स्पीकर 4 ओहमचे असतील, तर अडीचची वायर साधारण 12 मीटरपर्यंत चालते. त्यापुढे चार चौरस मिलिमीटरची घ्यावी, आणि इतकी जाड वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलमध्ये बसते का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.