मिडाझोलमचा नाकातला स्प्रे: तालुक्याच्या रुग्णालयात कितपत कामाचा?

हर्नियाच्या ऑपरेशनला आणलेलं अडीच वर्षांचं पोर ऑपरेशन थिएटरच्या दारात आईचा पदर सोडत नाही, तेव्हा मिडाझोलम या गुंगीच्या औषधाचा हा स्प्रे खरा कामी येतो. एरवी तयार सिरप हाताशी नसलं की इंजेक्शनचंच मिडाझोलम साखरेच्या पाकात कालवून पाजतात. ते एवढं कडू, की पोर थुंकतं. पोटात किती गेलं कळत नाही, म्हणून पुन्हा पाजताही येत नाही. शिवाय इंजेक्शन मिलिलिटरला १ मिग्रॅ आणि ५ मिग्रॅ अशा दोन ताकदींत येतं. बाटली चुकली की डोस थेट पाचपट.

स्प्रेच्या एका फवाऱ्यात ०.५ मिग्रॅ असेल आणि किलोमागे ०.२ मिग्रॅ धरलं, तर १२ किलोच्या पोराला २.४ मिग्रॅ, म्हणजे पाच फवारे, दोन्ही नाकपुड्यांत आलटून-पालटून. वजन त्याच दिवशी करा, अंगणवाडीच्या जुन्या कार्डावरचं नको. नवी बाटली आधी हवेत मारून पंप भरून घ्या, नाहीतर पहिले फवारे रिकामेच जातात. १०-१५ मिनिटांत पोर सुस्तावतं. तोंडाने २०-३० मिनिटं लागतात आणि डोसही किलोमागे ०.५ मिग्रॅ, कारण बरंच औषध यकृतातच खर्ची पडतं.

मोठा दोष एकच: झोंबतो. औषध आम्लधर्मी आहे. दुसऱ्या फवाऱ्याला पोर हातपाय झाडतं, म्हणून पाचही फवारे भराभर उरका. नाक वाहत असेल तर औषध शेंबडातच राहतं. तशा सर्दीत ऑपरेशनच पुढे ढकललेलं बरं. एखादं पोर गुंगण्याऐवजी उलट चवताळतं. तेव्हा आणखी फवारे मारू नका.

भूलतज्ज्ञ, पायाच्या बोटाला ऑक्सिमीटर, ऑक्सिजन, मास्कसह अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), सक्शन आणि उतारा म्हणून फ्लुमाझेनिल. यातलं काही कमी असेल तर बाटली उघडूच नका. गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आधी हवीच. श्वास मंदावून ऑक्सिजन उतरला की तो आजार असलेल्या पोरांच्या लाल पेशी विळ्यासारख्या होतात. पोर उपाशी ठेवताना पाणी सुकू देऊ नका: साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, अंगावरचं दूध चार तास, गाईम्हशीचं सहा. आजीने पाजलेला दुधाचा चहा पाण्यात मोजू नका.

सुट्टी झाल्यावर पेंगणारं पोर मोटारसायकलवर दोघांच्या मधात बसवून नेऊ नका. मान छातीवर पडते, श्वास अडतो आणि पुढे बसलेल्याला कळतही नाही.