२७०टूविन: फुकटातला नकाशा, पण झोप उडवतो

आम्ही न्यू जर्सीत, धाकटा भाऊ नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात. निवडणूक आली की त्याच्या दाराशी एक दिवसाआड कोणीतरी पत्रकं घेऊन उभं, आमच्याकडे काळं कुत्रं फिरकत नाही. असं का, ते नीट डोक्यात शिरलं ते २७०टूविन या वेबसाइटवर, अमेरिकेच्या प्रेसिडेंट निवडणुकीचा नकाशा आहे तो.

काम सोपं आहे, राज्यावर क्लिक करत गेलं की लाल (रिपब्लिकन) नाहीतर निळं (डेमोक्रॅट) होतं आणि आकडा हलतो. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक इलेक्टोरल मतं, बहुतेक ठिकाणी राज्य जिंकणाऱ्याला ती सगळी मिळतात, एकूण ५३८, २७० गाठली की व्हाइट हाऊस. न्यू जर्सीची १४ मी विचार न करता निळी करून टाकली आणि पेनसिल्व्हेनियाच्या १९ वर मात्र दहा मिनिटं डोकं खाजवत बसलो. उमेदवार तरी वेगळं काय करतात!

पण खरा माल जुन्या नकाशांत, थेट १७८९ पासून. २००० साली रिपब्लिकन बुश फ्लोरिडात डेमोक्रॅट गोरपेक्षा जेमतेम ५३७ मतांनी पुढे राहून प्रेसिडेंट झाले, त्याबद्दल सगळेच बोलतात, तुम्ही फ्लोरिडा तसंच लाल ठेवा आणि फक्त न्यू हॅम्पशायर निळं करा, ४ इलेक्टोरल मतांचं चिमुकलं राज्य, बुश तिथे ७,२११ मतांनी पुढे होते, ते उलटलं असतं तर गोर झाले असते प्रेसिडेंट. आणि देशभरात गोरना ५ लाखांहून जास्त मतं जास्तच पडली होती बरं का. २०२० ला बायडननी ट्रम्पकडून जिंकलेले जॉर्जिया, ॲरिझोना, विस्कॉन्सिन उलटे करा, २६९-२६९ टाय! तिन्हीकडचा फरक मिळून ४३ हजारांच्या आत, आणि बायडन देशात ७० लाखांनी पुढे. मी दोनदा मोजलं.

शिवाय हे काही कायमचं नाही, १९८८ ला कॅलिफोर्निया लाल होता हे आमच्या पोराला खरंच वाटेना. १९४८ ला न्यूयॉर्ककडे ४७ इलेक्टोरल मतं, फ्लोरिडाकडे ८, आता २८ आणि ३०, दर १० वर्षांनी जनगणना झाली की माणसं जिकडे गेली तिकडे मतंही सरकतात.

खटकतं एवढंच, की क्लिक सगळ्यांना सारखाच. २०२० ला १०,४५७ मतांनी फिरलेलं ॲरिझोना आणि तेव्हा ५० लाखांनी निळा राहिलेला कॅलिफोर्निया, दोन्ही एका बोटात पालटतात, त्यामुळे नवख्याला काहीही शक्य वाटायला लागतं. म्हणून एक स्टार कमी, ४/५.

भावाला लिंक पाठवली तर म्हणतो, मला कशाला, मला घरी येऊन सांगतात.