गरिबांसाठी पालिकेने स्वतः घरं बांधावीत की बिल्डरकडून 20 टक्के घ्यावीत?

पिंपरी चिंचवड पालिकेने पंतप्रधान आवास योजनेत चऱ्होली, बोऱ्हाडेवाडीला स्वतः इमारती उभ्या केल्या, केंद्राचे दीड लाख, राज्याचा 1 लाख, उरलेला हिस्सा लाभार्थ्याचा, त्यामुळे 30 चौरस मीटरच्या आत का होईना पण हक्काचं घर मिळतं. अडचण एकच, जागा शहराच्या टोकाला. हिंजवडीत हाऊसकीपिंग करणाऱ्या बाईने चऱ्होलीहून रोज कसं यायचं?

दुसरा मार्ग म्हणजे 20 टक्क्यांचा नियम, 10 लाखांवर लोकसंख्येच्या शहरात 4000 चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवर बिल्डरने 20 टक्के घरं गरीब आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची, ती म्हाडाच्या लॉटरीतून जातात. मला हा जास्त पटतो कारण घर चांगल्या वस्तीत मिळतं, शाळा, बसस्टॉप, दवाखाना सगळं आधीच असतं आणि पालिकेला जमीन शोधत बसावं लागत नाही. पण प्लॉटचे तुकडे पाडून 4000 च्या खाली दाखवले की नियमच लागू होत नाही, नाशिकमध्ये या घरांवरून केवढा वाद झाला होता! शिवाय मेंटेनन्स परवडायला हवा ना, त्याचा विचार कोणीच करत नाही.

माझं मत 20 टक्क्यांनाच, फक्त नकाशा मंजूर करतानाच पालिकेने जुना सातबारा तपासावा, म्हणजे प्लॉटचे तुकडे पाडलेत का ते कळेल.