मेक्सिकोचा आउटफिल्डर: अमेरिकेतली मायनर लीग की घरची लीग?

वायव्य मेक्सिकोतल्या कुलियाकान किंवा हेर्मोसियोकडचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, बेसबॉलमध्ये आउटफिल्डला म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात खेळणारा, पळायला चपळ आणि लांबून नेमका बॉल फेकणारा. त्याच्यापुढे दोन वाटा असतात. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या, एखाद्या क्लबशी करार करून तिच्याखालच्या मायनर लीगच्या पायऱ्या चढायच्या, नाहीतर १९२५ पासून चालत आलेल्या मेक्सिकन लीगमध्ये खेळायचं.

आधी पैशाचं बोलू. मायनर लीगचा पगार पूर्वी लाजिरवाणा होता, तोही फक्त हंगामापुरता. २०२३ च्या करारानंतर डबल-ए आणि ट्रिपल-ए या मायनर लीगच्या वरच्या दोन पायऱ्यांवर वर्षाला अनुक्रमे ३०,२५० आणि ३५,८०० डॉलर मिळू लागले. राहायची सोय क्लब करतो. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार ७,२०,००० डॉलर होता. खरी ओढ या फरकाची आहे, आणि धोकाही त्यातच आहे, कारण मधल्या पायरीवर थांबलेल्याला त्यातलं काहीच मिळत नाही. मेक्सिकोत एवढी मोठी उडी नाही. पण नाव झालेला खेळाडू उन्हाळ्यात मेक्सिकन लीग आणि हिवाळ्यात पॅसिफिक लीग (मेक्सिकोतलीच हिवाळी लीग) असे दोन पगार घेऊन घरच्यांजवळ राहतो.

खेळाडूवर हक्क कुणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. अमेरिकन क्लबच्या करारात पोरगा सहा-सात वर्षं अडकतो. मेक्सिकन क्लबशी सही केली की हक्क त्या क्लबकडे जातात. पुढे अमेरिकन क्लबने त्याला घेतलं तर त्या क्लबने दिलेल्या रकमेचा मोठा वाटा पूर्वी मेक्सिकन क्लबच ठेवून घेई. यावरून बरंच बिनसलं. २०१८ मध्ये मेजर लीगने हे व्यवहार बंद केले आणि २०१९ मध्ये नव्या अटींवर पुन्हा सुरू केले.

आणखी एक गोष्ट घरचे लोक सहसा विचारात घेत नाहीत. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत बॉल लांब जातो, त्यामुळे होम रनचे, म्हणजे बॉल थेट कुंपणापार मारण्याचे, आकडे फुगतात आणि खेळाडू हेरणारे अमेरिकन स्काउट ते आकडे हातचं राखूनच वाचतात. सेंटर फील्डर, म्हणजे आउटफिल्डच्या मधोमध खेळणारा, पळण्याच्या जोरावर नजरेत भरतो. डाव्या-उजव्या कोपऱ्यातल्या आउटफिल्डरला मात्र बॅटिंगशिवाय तरणोपाय नाही, म्हणून त्याला हा संशय जास्त भोवतो.

आता दोन माणसं बघा. कुलियाकानचा जोई मेनेसेस पहिला बेस (मैदानाच्या आतल्या भागातली जागा) आणि आउटफिल्ड दोन्हीकडे खेळायचा. २०११ मध्ये त्याने मेजर लीगच्या अटलांटा ब्रेव्हज क्लबशी करार केला. २०१८ मध्ये तो लीहाय व्हॅली संघाकडून खेळताना ट्रिपल-एमधल्या इंटरनॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी मेजर लीगचं बोलावणं आलं नाही. मग तो जपानला ओरिक्स या क्लबकडे गेला. शेवटी २ ऑगस्ट २०२२ ला, वयाच्या तिशीत, वॉशिंग्टनकडून मेजर लीगमधला पहिला सामना मिळाला आणि त्यात त्याने होम रन मारला. त्या हंगामात ५६ सामन्यांत १३ होम रन आणि .३२४ ची सरासरी, म्हणजे बॅटिंगच्या साधारण तीनांतल्या एका संधीला हिट! पण २०२४ च्या मध्यावर तो पुन्हा ट्रिपल-एमध्ये होता.

दुसरा चिवावाचा एक्तोर एस्पिनो, मुख्यतः पहिल्या बेसचा. १९६४ मध्ये तो अमेरिकेत जॅक्सनव्हिलच्या मायनर लीग संघाकडून ३२ सामने खेळला, .३०० ने बॅटिंग केली, परत आला आणि पुन्हा कधी गेलाच नाही. मेक्सिकन लीगमध्ये त्याचे ४५३ होम रन झाले. हेर्मोसियोच्या जुन्या स्टेडियमला त्याचंच नाव दिलं. हा माणूस हरला असं सोनोरात, म्हणजे हेर्मोसियोच्या राज्यात, कुणी म्हणणार नाही.

माझं मत विचाराल तर सेंटर फील्डरने अमेरिकन करार घ्यावा, मात्र स्वतःला मुदत घालून. तेवीस-चोविसाव्या वर्षापर्यंत डबल-ए गाठलं नसेल, तर करार संपताच परत यावं. पाय जड असलेल्या, फक्त बॅटवर जगणाऱ्या मुलाला बोनस अगदीच किरकोळ मिळत असेल, तर त्याने मेक्सिकोतच सुरुवात करावी. मेनेसेससारखी चिकाटी सगळ्यांना परवडत नाही, आणि त्याच्या नशिबाचा तर हिशेबच धरू नये.

अमेरिकन करार घ्यायचा ठरलाच, तर हिवाळ्यात घरी खेळू देणार का, हे सही करण्याआधी विचारून घ्यावं. थकव्याचं कारण सांगून क्लब खेळाडूला पॅसिफिक लीगपासून रोखू शकतो, आणि मग तो दुसरा पगार जातो.