टबॅस्को: आईने वासावरून ओळखलेलं लोणचं

टबॅस्को या अमेरिकन मिरचीच्या सॉसची बाटली आमच्या ह्यूस्टनच्या घरात चार वर्षं होती आणि चारही वर्षं मी तिच्यावर नाराज होतो. चूक माझीच. मी ती ठेच्याच्या जागी आणली होती. भाकरीबरोबर घेतली तर आधी व्हिनेगर नाकात जातं, तिखट मागून येतं आणि लगेच निघूनही जातं. तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापात २,५०० ते ५,०००, म्हणजे लवंगी खाऊन वाढलेल्याला पोरखेळच.

मत बदललं ते आईमुळे. ती कुडाळहून सहा महिन्यांसाठी आली होती. हा सॉस जिथे होतो ते लुईझियानातलं एव्हरी आयलंड आमच्याकडून गाडीने चारेक तासांवर, म्हणून तिला घेऊन गेलो. नाव बेटाचं, पण आहे ती दलदलीतून वर आलेली मिठाची टेकडी. पिंपांच्या कोठाराशी पोचलो आणि आई थबकली. "अरे, हे तर लोणचं मुरतंय!"

तिचं बरोबरच होतं. मिरची खुडली की त्याच दिवशी मीठ घालून वाटतात आणि तो लगदा ओकच्या पिंपांत भरतात. ही पिंपं आधी व्हिस्कीची असतात. झाकणाला बारीक भोकं पाडून वर मिठाचा जाड थर देतात. आत लगदा आंबतो, वायू भोकांतून बाहेर पडतो, मीठ ओलं होऊन दगडासारखं घट्ट बसतं आणि बाहेरची हवा आत जात नाही. तीन वर्षांपर्यंत पिंप असंच राहतं. "बरणीच्या तोंडाशी मीठ घालतो, त्यातलंच हे," आई म्हणाली. तिला सहसा कशाचंच कौतुक नसतं, नायगाराही "बराच मोठा" एवढ्यावर उरकला होता. त्या मिठासमोर मात्र ती पाच मिनिटं उभी होती.

मुरलेला लगदा मग व्हिनेगरमध्ये घालून जवळजवळ चार आठवडे अधूनमधून ढवळतात, बिया-सालं गाळतात आणि बाटल्या भरतात. मिरची, मीठ, व्हिनेगर. चौथा जिन्नस नाही.

हे सुरू केलं एडमंड मॅकलहेनी या बँकवाल्याने, अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर. सासुरवाडीच्या या जमिनीत त्याने १८६८ मध्ये विक्रीसाठी मिरची लावली, पुढच्या वर्षी अत्तराच्या बाटल्यांसारख्या बारीक मानेच्या बाटल्यांतून सॉस विकला आणि १८७० मध्ये पेटंट घेतलं. तो सुरुवातीला लगदा चिनी मातीच्या भांड्यांतही महिनाभर मुरवायचा. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मग बरणीच ना ती." धंदा अजून त्याच घराण्याकडे आहे. आता बहुतेक मिरची लॅटिन अमेरिकेत आणि आफ्रिकेत पिकते, पण बियाणं इथूनच जातं. मिरची नेमकी पिकलीय का हे पाहायला खुडणाऱ्याकडे लाल रंगवलेली छोटी काठी असायची. त्या लालीला जुळली तरच तोडायची.

आता चवीबद्दल. मला अजूनही यात व्हिनेगर जास्त वाटतं. तीन वर्षं मुरलेला लगदा इतका पातळ का करावा, हे कोकणी डोक्याला पटत नाही. पण थेंबाथेंबाने वापरला की आंबलेल्या मिरचीचा वास वर येतो आणि त्या वासासाठीच ही बाटली घ्यायची. उकडलेल्या अंड्यावर उत्तम. टोमॅटोच्या साराला दोन थेंब पुरतात. इथले लोक कच्च्या कालवांवर घालतात, मीही खाल्ली, झकास लागतात. आईने मान फिरवली. कालवं म्हणजे तिच्या लेखी कांदा-खोबऱ्यातलं सुकं, कच्ची खाणारे रानटी.

हिरव्या झाकणाची बाटली हालापेन्यो मिरचीची, सौम्य. ती मी परत घेणार नाही. लाल घ्या आणि छोटीच घ्या, थेंबाच्या हिशेबाने महिनोन् महिने जाते.

आणखी एक. ऑगस्टमध्ये कोकमाचं आगळ संपलं तेव्हा आईने सुरमईच्या तुकड्यांना हळद, मीठ आणि चमचाभर टबॅस्को चोळून अर्धा तास ठेवलं, मग रव्यात घोळवून तळलं. गोव्याकडच्या रेशाद मसाल्यात मिरची आणि व्हिनेगर असतंच, त्यामुळे फार परकं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी आगळ आलं, तरी पुढच्या सुरमईला तिने बाटलीच मागितली. वरण-भातावर मात्र घालू नका, मी घालून पाहिलाय.