एसीएल तपासताना: लॅकमन की ड्रॉवर?

कबड्डीत गुडघा पिरगळला, आतून 'कट्' असा आवाज आला, तासाभरात सूज चढली. एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारं गुडघ्यातलं लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा), तुटलं का, हे हातांनी तपासायच्या दोन पद्धती आहेत: अँटीरियर ड्रॉवर आणि लॅकमन.

अँटीरियर ड्रॉवरमध्ये गुडघा ९० अंशांत वाकवून, पाऊल स्थिर धरून नडगी पुढे ओढतात. शिकायला सोपी, पण ताज्या दुखापतीत दगा देते. सुजलेला गुडघा इतका वाकतच नाही, आणि वेदनेनं आवळलेले मांडीमागचे स्नायू नडगीला मागे धरून ठेवतात. लिगामेंट तुटलेलं असूनही गुडघा घट्ट वाटतो. उलट पीसीएल, म्हणजे नडगीला मागे सरकू न देणारं लिगामेंट, तुटलं असेल तर आधीच मागे सरकलेली नडगी जागेवर येते आणि एसीएल गेल्याचा भास होतो.

लॅकमनमध्ये गुडघा जेमतेम २० ते ३० अंश वाकवायचा. एका हातानं मांडी धरून दुसऱ्यानं नडगी पुढे खेचायची. ही पद्धत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे हाडांचे डॉक्टर जॉन लॅकमन यांच्या नावाची. १९७६ मध्ये त्यांचे सहकारी जोसेफ टॉर्ग यांनी ती प्रसिद्ध केली. नडगी किती सरकते याइतकंच शेवटी ती झटक्यानं अडते की नाही, हे महत्त्वाचं. मांडी जाड आणि तपासणाऱ्याचे हात लहान असतील तर पकड जमत नाही, हे खरं. मग मांडीखाली उशी किंवा स्वतःचा गुडघा द्यावा.

ताज्या दुखापतीत मी लॅकमनलाच कौल देईन, तोही आधी दुसरा, न दुखावलेला गुडघा तपासून.